दुसऱ्या गटातला माणूस

“फुंका काका, फुंका, फुंका... अजून थोडं, अजून, अजून... हां, सोडा आता.”

तपासणी घेणाऱ्या ज्ञानदाने कोंडाजीच्या नाकावरचा चिमटा काढला, तसं त्याने नळीतून तोंड बाजूला केलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण छाती वाजत नव्हती. समोरच्या पडद्यावर रेघ उमटली. ती वाचता येण्याइतकं त्याला काही शिकवलेलं नव्हतं. तो रेघेऐवजी ज्ञानदाचं तोंड वाचायचा. आज ते खुललं.

“छान आलंय,” ती म्हणाली. “आजची आपली शेवटची फेरी. लक्षात आहे ना?”

“हाय की. पर आजची सुई?”

“सुया मागच्या महिन्यातच संपल्या, काका. आज नुसती तपासणी.”

कोंडाजीने मान हलवली. संपल्या म्हणजे संपल्या. पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, वर्षभर अंगात गेलेलं औषध असं एका दिवसात थोडंच उतरणार आहे. पौडची बस मिळाली, बसायला जागाही मिळाली आणि पिरंगुटच्या चढाला त्याला गाढ झोप लागली.

मुळशी धरणाच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच त्याची पिठाची गिरणी. पंचक्रोशीतलं दळण त्याच्याकडे यायचं. हल्ली तळ्याकाठच्या बंगल्यांतली शनिवार-रविवारची माणसंही गाडी थांबवून दगडावरचं पीठ मागायची. नावाचा कोंडाजी आणि धंदा पिठाचा, यावरून लोकांनी उभा जन्म त्याची थट्टा केली. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला जन्मल्या जन्मल्या कोंड्यात लोळवलं होतं, त्यावरून हे नाव. ते त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. थट्टा झाली की तोही हसायचा.

दमा लागला तो पन्नाशीनंतर. आधी शिंका, मग खोकला, मग जिना चढताना धाप. पुण्याच्या डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचून पाहिलं तेव्हा गव्हाच्या पिठाच्या थेंबाखाली गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ उठली. ज्याच्यावर पोट चाललं तेच अंगाला चालेनासं झालं होतं. गिरणी सोडा, डॉक्टर म्हणाले. कोंडाजीने ते ऐकलं आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी गिरणीचा पट्टा चढवला.

मग त्याच दवाखान्यात दम्याच्या नव्या इंजेक्शनचा अभ्यास सुरू झाला. बाई डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, जयाला, समोर बसवून सगळं समजावलं होतं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना नुसतंच मिठाचं पाणी. कुणाला काय ते आम्हालाही ठाऊक नसतं. पंप मात्र सगळ्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचाच. कोंडाजीने सही केली. त्याच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला. पहिल्या सुईनंतर महिन्याभरात तो खोकल्याशिवाय आडवा व्हायला लागला, तेव्हा त्याने गावात सांगून टाकलं, “आपल्याला खरी सुई लागलीया.”

ज्ञानदाचा फोन यायचा गुरुवारी. त्या दिवशी वीज नसते, गिरणी बंद असते, हे तिने पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं. परभणीकडची पोर. महाळुंग्याला खोली घेऊन राहायची. रोज दोन बस बदलून दवाखान्यात यायची. तिचे प्रश्न ठरलेले असायचे. झोप लागली का? धाप लागली का? पंप किती वेळा चुकला? पंपाची सवय लागते, फुप्फुसं आळशी होतात, असं सगळं गाव म्हणायचं आणि कोंडाजीलाही ते पटलेलं होतं. पण गुरुवारी ती पोर विचारणार आणि तिला खोटं कसं सांगायचं? एवढ्यासाठी तो पंप घ्यायचा. दळताना तोंडाला मास्कही लावायचा. लोक हसले तरी लावायचा.

त्या चैत्रात तो जत्रेला डोंगरावरच्या देवीपर्यंत चालत गेला. कित्येक वर्षांनी. जया मागून येत होती, ती म्हणाली, “अवो, जरा दमानं.” आणि दोघंही हसली, कारण घरात त्या शब्दाचा एवढी वर्षं वेगळाच अर्थ होता.

अभ्यास संपल्यावरचा पहिला गुरुवार आला आणि गेला. फोन येणार नाही हे माहीत असूनही कोंडाजीने मोबाईल चार्जिंगला लावून ठेवला होता. पुढच्या गुरुवारी त्याने लावला नाही. गणपती गेले, पितृपक्ष गेला. पंप देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होता, तिथून तो कधी कपाटात गेला हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. जयाने एकदा विचारलं तर म्हणाला, “आता काय गरज? सुईचा जोर हाय अजून.” मास्क धुवायला टाकलेला तसाच दोरीवर राहिला.

दिवाळीच्या आधीचा आठवडा गिरणीवाल्याचा कस काढतो. भाजणीचे डबे दारापासून रस्त्यापर्यंत मांडलेले. चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, बेसन, रवा. एक उतरत नाही तोवर दुसरं तयार. भाजलेल्या धान्याचं पीठ फार उडतं. दुपारी गिरणीत पलीकडची भिंत दिसेना एवढा धुरळा झाला होता. कोंडाजी सकाळपासून खोकत होता. बायका म्हणाल्या, पाणी प्या. तो पाणी प्यायला. मग एका डब्यात पीठ भरता भरता तो थांबला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि तसाच वाकून राहिला.

“काय झालं वो?” एकीने विचारलं.

उत्तर देण्यापुरताही वारा त्याच्या छातीत नव्हता. ओठ काळपट व्हायला लागले होते आणि गळ्याखालचा खड्डा आत-आत ओढला जात होता. कुणीतरी पळत जाऊन जयाला बोलावून आणलं. तिने आधी बटण बंद केलं, मग नवऱ्याला काखेत धरून बाहेर ओढलं. कपाटातला पंप सापडला, पण तो रोज घ्यायचा पंप होता. अडीनडीला घ्यायचा दुसरा असतो, तो केव्हाच रिकामा झाला होता. शेजारच्या शेखरने गाडी काढली. पौडच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता जयाने त्याची पाठ चोळत काढला.

नाकातोंडावर वाफेचा मुखवटा, दंडात सलाईन. अंधार पडायच्या सुमारास त्याच्या नखांचा रंग परत आला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “रोजचा पंप कधी बंद केला?”

जया म्हणाली, “गणपतीपास्नं आसंल.”

“मग काय होणार? आणि गिरणीत अजून उभे राहता?” डॉक्टर रागावला नव्हता. दमलेला दिसत होता. त्याच्या मागे बाकावर आणखी चारजण खोकत बसले होते. “आता गिरणी की छाती, एक काय ते ठरवा.”

तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर कोंडाजीला वाटलं होतं, दारातले डबे लोकांनी उचलून नेले असतील. एकही गेला नव्हता. जयाने पदर खोचला, आत गेली आणि बटण दाबलं.

“तुला जमायचं न्हाई,” तो खाटेवरून म्हणाला.

“तुमी बी आयच्या पोटातनं शिकून आला न्हवता.”

“दगडाला छिन्नीची टाकी लावाया येती का? दगड बोथट झाला की पीठ करपतंय.”

“दिवाळी झाली की शिकवा. वटीवर बसून सांगा, आत पाय ठिवायचा न्हाई.”

तिने सगळ्या भाजण्या दळल्या. एक-दोन जाड आल्या, त्या पुन्हा टाकल्या. कोंडाजीला आवाजावरूनच कळत होतं की दगड कुठे घासतोय. पण ओरडून सांगायला दम नव्हता आणि सांगितलं नाही तरी तिचं तिला कळत होतं. ते त्याला अधिक लागलं.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि एका दुपारी ज्ञानदाचा फोन आला. कोंडाजीने नाव बघितलं आणि गडबडीने कानाला लावला.

“काका, कसे आहात?”

“बरा हाय.” दवाखान्याचं त्याने सांगितलं नाही. “पंप घेतुया. दोन्ही टायमाला.” तिने विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं.

“छान.” ती म्हणाली. “काका, अभ्यासाची पाकिटं उघडली. कोण कुठल्या गटात होतं ते सगळ्यांना कळवायचं असतं. तुम्ही... तुम्हाला औषधाची सुई नव्हती. दुसऱ्या गटात होतात तुम्ही. मिठाच्या पाण्याच्या.”

अंगणात भाताचा पेंढा रचून ठेवला होता. कोंडाजीने त्यातली एक काडी उपसली.

“काका?”

“ऐकतुया.”

“तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं ना, की असं असू शकतं?”

“व्हय, सांगितलं हुतं. तुमची काय चूक न्हाई.” मग त्याने विचारलं, “म्हंजी मला बरं वाटलं त्ये समदं मनाचं?”

“नाही, नाही. मनाचं कसं? तुमचं फुंकणं खरंच सुधारलं होतं, मी मोजलंय ना. पंपामुळे, काका. तुम्ही एकदाही न चुकवता घेतलात, मास्क लावलात. आमच्याकडे असे फार थोडे होते.”

पंप एकदाही का चुकवला नाही, हे सांगावं असं त्याला वाटलं. पण लेकीच्या वयाच्या पोरीला ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे सुचेना. त्याने विचारलं, “आन् त्ये औषध? चालतंय का ज्यांना दिलं त्यांस्नी?”

“अजून आकडेमोड चालू आहे. पण तुमच्यासारखी माणसं होती म्हणून तर ते कळणार.” तिचा आवाज थकलेला होता. त्या दिवशी असे किती फोन तिने केले असतील कोण जाणे. “आणि काका, माझी आता बदली झालीये, साखरेच्या आजाराच्या अभ्यासावर. हा नंबर दुसऱ्यांकडे जाईल. काही त्रास झाला तर डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.”

“व्हय. तू बी जपून ऱ्हा पोरी. जेवत जा येळच्या येळी.”

इतके दिवस तो तिला म्याडम म्हणत आला होता. फोन बंद झाल्यावर ते त्याच्या लक्षात आलं.

जेवताना त्याने जयाला सांगितलं. तिला आधी नीट उमगलं नाही.

“म्हंजी तुमाला औषध दिलंच न्हाई?”

“न्हाई. मी दुसऱ्या गटात हुतो.”

“एवढ्या पुण्याच्या खेपा मारल्या त्या?”

“त्या मारल्याच.”

जयाने त्याच्या ताटात भात वाढला. आंबेमोहराचा वास आला. “आसंल,” ती म्हणाली. “कुणाला तरी बसावंच लागत आसंल त्या गटात.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “पर डोंगर तर तुमीच चढला न्हवं? का त्यो बी पान्यानं चढला?”

कोंडाजीला हसू आलं नाही, पण घास गिळला गेला. गावात हे कुणाला सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी पारावर एकाने, त्याच्या मेव्हण्याला दमा आहे, ती सुई कुठे मिळते म्हणून विचारलं. कोंडाजीने चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, “सुईचं राहू दे. त्याला म्हणावं पंप घे, आन् कुणाला तरी रोज इचाराया लाव.” एवढं बोलून तो उठला. बाकीच्यांना त्यातलं फारसं काही कळलं नाही.

पौष लागला. टाकी लावायला तो जयाला ओट्यावरून शिकवायचा. वरचा दगड शेखर आणि दोघेतिघे उचलून अंगणात आणून ठेवत. ती छिन्नी धरून बसे आणि हा वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून काठीने दाखवत असे, इथे खोल, इथे नुसतं टोचून. तिचा हात त्याच्यापेक्षा हळू होता, पण एकसारखा होता. बंगल्यावाली बाई एकदा पीठ न्यायला आली आणि जयालाच विचारून गेली, भाकरीला कोणती बाजरी बरी. ओट्यावर बसलेल्या माणसाकडे तिचं लक्ष गेलं नाही. कोंडाजीने काठी मांडीवर आडवी धरली आणि तो रस्त्याकडे बघत बसला.

संध्याकाळी गिरणीचा आवाज थांबला की त्याने चहा ठेवायचा, असं आता ठरूनच गेलं होतं. त्या दिवशीही त्याने दोन कप भरून ओट्यावर आणले. जया बाहेर आली. केस, भुवया, पापण्या सगळं पांढरं. एका दिवसात म्हातारी झाल्यासारखी. तिने नळाखाली हात-पाय, तोंड धुतलं, लुगड्याचा पदर अंगणाच्या टोकाला जाऊन झटकला. तरी अंगावरचं सगळं पीठ काही जात नाही.

ती आली आणि तिने आपला कप उचलला. शेजारी बसली नाही. मान वर करून क्षणभर उभी राहिली, तळ्याकडून येणारा वारा कुठून कुठे जातोय ते गालावर घेतलं, आणि अंगण ओलांडून पलीकडच्या दगडावर जाऊन बसली, जिथून वारा तिच्याकडून त्याच्याकडे येत नव्हता. मग दोघं आपापल्या जागी चहा प्यायली.