दियारांच्या कपाळावरचं टेंगूळ

कुळाची इभ्रत वडीलधाऱ्या माणसाच्या कपाळावर विराजमान असते. माझ्या कपाळावर त्या सकाळी टेंगूळ होतं. लिंबाएवढं.

दुपारी पुतण्यासाठी, न्यानकोरोसाठी, सारानला मागणी घालायला जायचं होतं. मागणीचा मान म्हणून कोलाच्या दहा बिया घेऊन सर्वांत पुढे मी चालायचं. सारानच्या घरच्यांनी आधीचं एक स्थळ, माणसं मारकुटी आहेत म्हणून, कोलासकट परत धाडलं होतं. माझं कपाळ बघून न्यानकोरो रडवेला झाला.

"कुठं आपटलात?" बायकोनं, न्येलेननं, विचारलं.

"दारावर." कोणत्या दारावर, ते मी बोललो नाही.

तिनं शिया बटर कढत केलं आणि अंगठ्यानं रगडायला घेतलं. "हलू नका हो, पांगतंय आता."

पांगलं खरंच. लिंबाचं कवठ झालं. जांभळं, शिवाय तुकतुकीत.

टोपी भुवयांपर्यंत ओढून निघालो. सारानच्या घरच्या अंगणात तिची आजी, तेनिनमावशी, बसलेली. ती त्राओरे कुळातली, आम्ही दियारा. जन्मजात थट्टेचं नातं. तिनं वाटेल ते बोलावं, मी रागवायचं नाही.

"टोपी काढ रे चवळीखाऊ!"

काढावी लागली. सगळे कपाळाकडे बघू लागले. न्यानकोरोनं डोळे मिटले.

"कुणाशी मारामारी केलीस?"

"कुणाशी नाही, मावशी. स्वयंपाकघराच्या ठेंगण्या दारावर आपटलो."

"तुझं तिथं काय काम?"

दोन-तीन भारदस्त कारणं तयार होती. पण पोराच्या लग्नाचा प्रश्न होता.

"चवळी शिजली होती. पातेल्यात हात घातला, तेवढ्यात बायकोची चाहूल लागली. पळालो."

त्राओरे शेकडो वर्षं आम्हाला चवळीखाऊ म्हणतात. पुरावा त्यांना आज मिळाला. मावशी हसत हसत चटईवर आडवी झाली. सुना हसल्या, शेजारी कुंपणावरून हसले, दाराआड सारान हसली.

"बायकोला भिणारी माणसं! पोरगी सुखात राहील." मावशीनं होकाराचा कोला फोडला. मग बायकोनं काय उपाय केला ते विचारून घेतलं आणि रांजणातल्या गार पाण्यात फडकं बुडवून माझ्या कपाळावर दाबलं. "ताज्या माराला कुणी कढत लावून रगडतं? आज गार. शेक परवा."

ते फडकं एका हातानं धरून मी उभा राहिलो आणि दोन कुळांच्या पराक्रमावर, मैत्रीवर, येणाऱ्या नातवंडांवर बोललो. चांगला अर्धा तास. न्यानकोरोच्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? मग ते फडकं दे इकडं. दूध गाळायचंय."