समोर म्हणजे कुठं

पाटी : आत या

ही पाटी बरोबर आहे. माणसं आत येतात. पाटी वाचून येतात की दार उघडं दिसलं म्हणून येतात, हे मात्र समताला आता छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

समता पुण्याच्या एका डिझाइन कंपनीत आहे. ही कंपनी आधी बिस्किटांचे पुडे सजवायची, मग बँकांची अ‍ॅप करू लागली, आणि आता तिला सरकार बोलावतं. पुड्यावरचं बिस्कीट किती खरपूस दिसावं यावर वाद घालणारी माणसं आता दवाखान्यात आलेली म्हातारी कुठं वळेल याचा विचार करतात. त्यातून समताच्या वाट्याला आला तिच्याच बुलढाणा जिल्ह्यातला दवाखाना. तिथल्या भिंतींवर लाल रंगात हाताचे पंजे काढलेले होते. ‘डोळे इकडे’, ‘दात तिकडे’. तिनं सगळं पांढरं करून घेतलं आणि निळ्या, नीटस पाट्या लावल्या.

पाटी : कोणालाही विचारावं लागू नये

ही पाटी कुठंच लागली नाही. हे कामाचं ब्रीद होतं. दवाखान्यातली चौकशीची खिडकी बंद झाली, त्या दिवशी ऑफिसात कंपनीच्या प्रमुख अनुपमा मॅडमनी पेढे वाटले होते.

पाटी : नेत्र तपासणी समोर

नोंदणीच्या खिडकीवर ही पाटी. खिडकीच्या बरोबर समोर, व्हरांड्याच्या पलीकडं, डोळे तपासायची खोली. नोंदणी करा, मागं वळा, खोली हजर. यात चुकण्यासारखं काय आहे?

समोर (पुण्यात) : तोंडासमोर, पलीकडच्या बाजूला.
समोर (वडनेरात) : पुढं, आणखी पुढं, चालत राहा.

समताला दोन्ही अर्थ येत होते. आपल्या गावी, वडनेर भोलजीत, ती दिवसातून सतरा वेळा ‘समोर सरक बे’ ऐकत वाढली. पुण्यात लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती ‘समोरच्या रविवारी भेटू’ म्हणाली आणि सगळं ऑफिस हसलं. कुणीतरी विचारलं, “समोरच्या? म्हणजे रस्त्यापलीकडच्या का?” त्यानंतर तिनं आपली जीभ घासूनपुसून घेतली. इतकी, की पाटी लिहिताना वडनेरचा अर्थ आठवलाच नाही.

की आठवला होता? इथं ती नेहमी अडखळते.

पाटी : प्रतीक्षा

भिमाबाई तिची मोठी माय, म्हणजे चुलती. नेत्र शिबिराला ती एकटी आली होती. नोंदणी केली, मान वर करून पाटी वाचली. बुद्धविहारातल्या प्रौढ वर्गात वाचायला शिकलेली बाई, त्याचा केवढा तोरा! ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी एकमेकींना विचारलं आणि त्या खोलीत पोचल्या. भिमाबाई समोर गेली. व्हरांडा संपेपर्यंत, मग मागच्या फाटकातून बाहेर, कडुलिंबाखाली. तिथं आणखी दोघी-तिघी बसलेल्या दिसल्या, म्हणून तीही बसली. आत नाव पुकारलं गेलं. डॉक्टर शिबिर आटोपून गेले.

पुढं एका सकाळी चुलीतला जाळ न दिसल्यानं तवा थंड आहे असं वाटून तिनं तळवा टेकवला.

तिच्या मुलानं, सहदेवनं, फोन केला होता. “तुह्या पुण्याच्या लोकाईनं दवाखाना लय चकचकीत केला बाई! मायले सीधी मांगच्या फाटकातून बाहेर काढलं.”

मागून भिमाबाईचा आवाज आला, “पोरीले काऊन बोलतं बे? पाटी चांगलीच व्हती. मीच येडी.”

चूक ‘समोर’ या शब्दाची, हे तेव्हाच समताला कळलं. पण तोंडातून शब्द निघाले ते असे : “काळजी घे मोठी माय. पुढच्या शिबिराला मी येते.”

ऑफिसात तिनं अवाक्षर काढलं नाही. त्याच पाट्या आता इतर दवाखान्यांसाठी छापायला जाणार होत्या.

पाटी : शांतता राखा

आज ते शिबिर. आज कॅमेराही आहे. मुंबईत सचिवांपुढं दाखवायला एक फिल्म हवी : गावाकडची आजी पाटी वाचते, कुणाला न विचारता पोचते. “वाचता येणारी आजी मिळेल का?” मॅडमनी विचारलं आणि समतानंच भिमाबाईचं नाव दिलं. तपासणीही होईल, असं तिनं स्वतःला समजावलं. मोठी माय एकदा चुकली आहे, आता नाही चुकणार, असंही.

फिल्म काढणाऱ्या हर्षलनं कॅमेरा लावला. “आजी, एकदम नॅचरल. आम्ही इथं नाहीच असं समजा.”

“नाईच समजते,” भिमाबाई म्हणाली. “तसंबी मले तू अर्धाच दिसून राह्यला.”

हर्षल हसला. समताला हसता आलं नाही.

भिमाबाईनं नोंदणी केली. मान वर केली. ओठ हलवत पाटी वाचली. पदर सारखा केला आणि निघाली. समोर. तिची खोली तिच्या पाठीमागं राहिली, दार सताड उघडं, आत डॉक्टर बसलेले.

“कमाल चालतात आजी,” हर्षल पुटपुटला. खोली कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं.

समता बघत राहिली. आता थांबेल. आता विचारेल. भिमाबाई थांबली नाही. भाजलेला तळवा भिंतीला लागू नये म्हणून हात अंगाशी धरून ती चालत होती, वाचता येणाऱ्या बाईच्या ऐटीत. फाटकातलं ऊन तिच्या पायांवर पडलं.

“मोठी माय! समोर नोको जाऊ वं!”

सगळा व्हरांडा वळला. समतानं तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता. आणि तो बरोबर समजला गेला, कारण भिमाबाई जागच्या जागी थांबली.

“मंग कुठी जाऊ? पाटीवर तं समोरच लिवलं हाये.”

“चूक लिवलं हाये.”

“कोनं लिवलं थे?”

हर्षलनं कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं.

“म्या,” समता म्हणाली.

भिमाबाई परत आली. अगदी जवळ, डोळे बारीक करून तिनं पुतणीचा चेहरा पाहिला.

“म्हंजे म्या येडी नोयतीच.”

“नाई.”

“अन् तुले ठावं व्हतं. इतके दिस मले येडी म्हनू देल्लं तुनं.”

समतानं तिचा हात धरायला हात पुढं केला. भाजलेलाच हात समोर आला, म्हणून तिनं मागं घेतला.

“चाल, मी दाखवते तुले खोली.”

“राहू दे.” भिमाबाई बाकाकडं वळली. तिथं एक अनोळखी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “काय वं बाई, डोयाचं कुठी हाये?”

त्या बाईनं बोट दाखवलं. भिमाबाई त्या बोटाच्या दिशेनं गेली आणि आत शिरली.

पाटी :

“हे कापू ना?” हर्षलनं विचारलं.

“नको,” समता म्हणाली. “हेच मॅडमना पाठव. छपाईच्या आधी.”

मग ती खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत जायची परवानगी मागावी की नाही, आणि कुणाकडं, हे तिला कळेना.