आकड्यावरची चांदणी

मित्रांनो, तीन आखूड पाय, एक डोळा आणि जन्मजात भोचकपणा, एवढीच माझी मालमत्ता. मी एक जुने भिंग आहे. गोष्टीतले गुप्तहेर हातात धरून फिरतात तसले दांडीवाले नव्हे. छापखान्यातले, कागदावर स्वतःच्या पायांवर उभे राहणारे. वरून डोळा लावला की खालचा ठिपका वाटाण्याएवढा दिसतो.

माझी काच एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. तो सारखा फुंकर मारी आणि मला उजेडाकडे धरून बघे. हा माझ्यातून बघतो आहे, तर पलीकडे आहे तरी काय, असे मला वाटे. भोचकपणाची खोड तेव्हापासूनची.

पुढे मी एका छापखान्यात आले. तिथल्या फोरमनने मला नव्या मशीनमनच्या हाती दिले आणि बजावले, “छापलेलं बघायचं, वाचायचं नाही. वाचायला लागलास की मजकुरात रमशील आणि डाग निसटेल.” आमच्या मशीनमननी हे असे मनावर घेतले की ते प्रत्येक ताव उलटा धरूनच तपासत. अक्षरे डोक्यावर उभी राहिली की वाचायचा मोहच होत नाही.

तीस वर्षे आम्ही असे काम केले. साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा गुलाबी गाल म्हणजे नुसते ठिपके असतात, हे मला तेव्हा कळले. औषधांच्या खोक्यांवरचे शाईचे डाग मी शेकड्यांनी पकडले. “याच्या तावडीतून काही सुटत नाही,” असे मालक पाहुण्यांना सांगत आणि मी पितळेचे असूनही मनातून सोन्याचे होई. एकच दुःख होते. इतकी अक्षरे डोळ्याखालून गेली, पण पुरते वाक्य काही वाचायला मिळाले नाही. कधी ‘क’चे पोट, कधी वेलांटीचे टोक. सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी राहावे, तशी माझी गत.

मग छापखान्यात ताव तपासणारा कॅमेरा आला. मशीनमननी मला रुमालात गुंडाळून घरी आणले आणि खणात ठेवले. तिथे रबरबँड, संपलेली बॅटरी आणि कशाची कोण जाणे अशी एक किल्ली होती. दोन वर्षे मी त्या किल्लीचे कुलूप कोणते असेल, याचाच विचार करत पडले होते. माझ्या काचेवर धूळ साचली, आणि खरे सांगते, मला फार वाईट वाटले.

एका रविवारी सकाळी खण उघडला. मशीनमनच्या मुलीला दोन कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता. तिला किड्यांच्या अभ्यासाचे वेड, आणि प्रश्न विचारण्याचे त्याहून जास्त. म्हणून घरी तिला ‘शंकासूर’ म्हणत. दोन्ही कॉलेजांनी खर्चासाठी मदत करायचेही कळवले होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत एकाला होकार द्यायचा होता. एकदा होकार दिला की दुसरी जागा गेली. चार वर्षांचा खर्च या घराला झेपेल की मुलीचे शिक्षण मध्येच सुटेल, ते या एका होकारावर ठरायचे होते.

मशीनमननी मला शर्टाने पुसले आणि पहिल्या पत्रावर उभे केले. जाड, गुळगुळीत कागद, उठावाचा सोनेरी शिक्का, खाली चकाचक प्रयोगशाळेचे चित्र आणि मदतीचा भलामोठा आकडा.

“वा! काय काम आहे! एक ठिपका हललेला नाही.”

दुसरे पत्र पातळ कागदाचे होते. त्यावरचा शिक्का तिरका, निळा रंग लालच्या बाहेर आलेला.

“रंग सरकलाय,” मशीनमननी नाक मुरडले. “ज्यांना एक पत्र धड छापता येत नाही, ते पोरीला काय घडवणार?”

मुलीची आई दवाखान्यात परिचारिका होती. कामावर निघता निघता ती म्हणाली, “अहो, पत्र वाचताय की कागदाचा भाव करताय?”

“तीस वर्षं हेच केलंय मी,” मशीनमन म्हणाले, आणि जाड कागदाच्या कॉलेजचा होकाराचा फॉर्म भरायला बसले. मला त्यांनी पत्र उडू नये म्हणून आकड्यावर ठेवले. शंकासुराने सवयीने मला डोळा लावला.

“बाबा, या आकड्याच्या डोक्यावर चांदणी कशाला आहे?”

“चांदणी कसली? शाईचा डाग असेल. मशीनवर धूळ बसली की उडतो.”

“मग तुम्ही आत्ता म्हणालात ना, एक ठिपका हललेला नाही?”

मशीनमननी फॉर्म बाजूला सारला. त्यांनी वाकून पाहिले. डाग कसा असतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? डागाला रेखीव कडा नसतात. याला पाच टोके होती, पाचही सारखी.

“हा मुद्दाम छापलाय. म्हणजे खाली कुठेतरी तळटीप आहे,” ते हळूच म्हणाले.

मग आम्ही दोघे त्या चांदणीची जोडीदारीण शोधायला निघालो. ती पत्राच्या तळाशी, फिकट करड्या शाईत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांजवळ बसली होती. मशीनमननी पत्र सुलटे धरले आणि मला एकेका शब्दावर सरकवत मोठ्याने वाचले: “वरील रकमेतील निम्मी रक्कम व्याजासह परत करावयाचे कर्ज असून उर्वरित मदत केवळ पहिल्या वर्षापुरती आहे.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते पहिले पुरे वाक्य. केवढ्या हौसेने वाट पाहिली होती मी त्याची, आणि निघाले ते असे.

मशीनमनना मेल्याहून मेल्यासारखे झाले. “मी आता सही करणार होतो गं,” ते म्हणाले. शंकासुराने प्रयोगशाळेच्या चित्राकडे एकदा बघून घेतले. तिचा जीव त्या चित्रात अडकला होता, हे मला दिसत होते. मग तिनेच पातळ पत्र पुढे ओढले. “आता हेही वाचू या.”

त्यात आकडा कुठेच नव्हता, म्हणून कोणी लक्षही दिले नव्हते. लिहिले होते, की उत्तीर्ण होत राहिल्यास चारही वर्षांची फी माफ, वसतिगृहाचा खर्च मात्र पालकांचा.

सोमवारी मशीनमननी अर्धी रजा टाकली. आधी जाड कागदाच्या कॉलेजला फोन लावून मदत वाढेल का, असे विचारले. “नियमात बसत नाही,” असे उत्तर आले. दुसरीकडच्या कारकूनबाई मात्र निवांत बोलल्या. शंकासुराचे प्रश्न बाबांच्या तोंडून एकामागून एक बाहेर पडले, आणि ग्रंथालयात रोज दोन तास काम केले तर वसतिगृह निम्म्यात मिळते, हे कळले. होकार कळवून झाल्यावर मशीनमनना राहवेना.

“तुमचा रंग सरकतोय, बरं का. कागद सरळ बसत नसेल.”

“अहो, सरकतो खरा!” बाई हसत म्हणाल्या. “पण मजकूर ठीक आहे ना?”

“मजकूर एकदम ठीक आहे,” मशीनमन म्हणाले.

आता मी शंकासुराच्या टेबलावर असते. माझ्याखाली पतंगाचे पंख येतात, भुंग्यांचे पाय येतात, आणि माझ्या भोचकपणाची चंगळ चालली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे भिंग धूळ खात पडले असेल. त्याला मऊ फडक्याने पुसा, ओरखडे पडू देऊ नका, आणि महत्त्वाचा कागद आला की आधी त्याला बाहेर काढा.

मुलगी वसतिगृहात राहायला निघाली त्या दिवशी मशीनमननी मला तिच्या तळहातावर ठेवले होते. फोरमनने मला सोपवताना काय बजावले होते ते माझ्या लक्षात होते, म्हणून मी कान टवकारले. पण मशीनमन म्हणाले, “बघ हवं तेवढं. पण आधी वाच.”