पायथ्याकडची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे. कृष्णाकाठच्या मातीची, भट्टीत भाजून निघालेली. मिरजेत निजामचाचा सतारी बनवतात, त्यांच्या कारखान्याच्या भिंतीत मी वीस वर्षे होते. दरवाजा रुंद करताना भिंत फोडली आणि मी बाहेर पडले.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीचा, मदिनाबींचा, पाय मोडला. सूज उतरावी म्हणून पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली मला आणि माझ्या बहिणीला ठेवले. सूज उतरली. "विटांनी लय काम केलं," मदिनाबी म्हणाल्या. ते माझे पहिले कौतुक. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा खाली गादीवर झोपू लागल्या आणि पलंग चाचांना मिळाला. चादरीआड आम्ही राहिलो ते राहिलोच.

महिन्याभरात चाचांची छाती जळू लागली. घशाशी आंबट पाणी येई. हृदयच बिघडले, असे त्यांनी धरले. हातातली सतार अर्धी ठेवून ते म्हणाले, "ही काय माझ्या हातनं पुरी होत न्हाई."

डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ती चांगली निघाली. पोटातले आम्ल वर चढते, म्हणाले. गोळ्या दिल्या, आणि जेवून लगेच आडवे होऊ नका, वाकून बसू नका, उशाकडचे खूर विटांवर घ्या, असे सांगितले.

घरी येऊन चाचांनी एवढेच सांगितले, "पलंगाखाली विटा ठेवायच्या म्हणं."

"आवं, हायत की आधीपास्नं!" मदिनाबी म्हणाल्या.

चाचांनी तिखट सोडले, चहा सोडला, सातलाच जेवू लागले. जळजळ मात्र हटेना. मी पार गोंधळले. मी तर जागची हलले नव्हते. माझा गुण फक्त पायालाच लागतो की काय?

सांगलीला विज्ञान शिकणारी त्यांची लेक अर्शिया सुट्टीला आली. तिने गादी उन्हात टाकली. मदतीला वाकलेल्या चाचांच्या खिशातला सतारीचा सूर जुळवायचा मणी पलंगाच्या उघड्या फळीवर पडला आणि घरंगळत थेट उशाकडे गेला. तिने तो उचलून पुन्हा मध्ये सोडला. पुन्हा तिकडेच.

"अब्बा, तुमी उतारावर डोकं ठेवून झोपताय! पोटातलं बी तिकडंच येणार की!"

"विटा हायत का, एवढंच बघितलं आमी," मदिनाबी कपाळाला हात लावून म्हणाल्या.

चाचा वाकून माझ्याकडे बघत हसले. "माझी छाती जाळणारी तूच व्हय गं?"

त्याच दिवशी आम्हाला उशाकडे हलवले. दोन आठवड्यांत जळजळ पुष्कळ उतरली. अर्धी सतार पुन्हा मांडीवर आली.

मला मात्र अजून उमगत नाही. माझी माती तीच, उंचीही तीच. मग मी औषध होते की दुखणे? मित्रांनो, छाती जळली तर आधी डॉक्टरांकडे जा, त्यांचे सांगणे पुरते ऐका आणि माझ्यासारखीला ठेवाल तेव्हा बाजू बघून ठेवा.

काल चाचांनी पलंगावर बसून ती सतार लावली. खुरातून तिची थरथर माझ्यापर्यंत आली. ते कौतुक होते की तक्रार, कोण जाणे. मी आपली घट्ट बसून राहिले.