अव्वा विरुद्ध नॉरहोल्म

महानंदाबाईंना मनातून वाटायचं, संघ हरावा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यांचा मुलगा गुरुलिंग स्वीडनमधल्या नॉरहोल्म नावाच्या लहानशा गावी फुटबॉल क्लबात फिजिओ होता. खेळाडूंचे मुरगळलेले पाय, धरलेल्या पाठी बऱ्या करायचं काम. क्लब दुसऱ्या लीगमधला. शेजारच्या पूनमनं बाईंना सगळं नीट समजावलं होतं: सोळा संघ, एप्रिल ते नोव्हेंबर हंगाम, वरचे पहिल्या लीगमध्ये चढतात, तळाचे तिसरीत घसरतात. घसरले तर क्लबाला फिजिओ परवडणार नव्हता आणि गुरुलिंग सोलापूरला परत येणार होता. बाईंनी हे शेवटचं तेवढं पक्कं लक्षात ठेवलं.

सोलापूर उन्हानं तापलं होतं, तेव्हा तिथं मैदानाच्या कडेला बर्फाचे ढीग होते. नॉरहोल्म हरायला लागलं. सामन्याच्या दिवशी पूनम मोबाइल घेऊन यायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

"मावशी, तुमचा संघ न्हाय, चाळण हाय नुसती!"

बाई "अरेरे" म्हणायच्या आणि आत जाऊन चहा टाकायच्या. त्या दिवशी चहात साखर जरा जास्तच पडायची.

ऑगस्टमध्ये संघ तळाला टेकला, तशी त्यांनी वरची खोली रंगवून घेतली. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचं पार्सलही थांबवलं. येणारच आहे की, कशाला पाठवायचं?

"अव्वा, डबा रिकामा झाला," गुरुलिंग फोनवर म्हणाला. "आमचा गोलकीपर रोज चटणी मागतोय."

बाईंनी विषय बदलला.

पण पुढं संघ हळूहळू सावरला. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी झाली तरी नॉरहोल्म वाचणार होतं.

त्या संध्याकाळी बाई पूनमच्या मोबाइलवर सामना बघत होत्या; शेवटच्या काही मिनिटांपर्यंत दोन्हीकडं शून्यच. मग समोरचा खेळाडू चेंडू घेऊन घुसला, गोलकीपर त्याच्या पायात गेला. पंचानं पेनल्टी दिली. गोलकीपर खांदा धरून पडूनच राहिला.

गुरुलिंग बॅग घेऊन धावत आला. गुडघे टेकून बसला, त्या पोराचा हात हातात घेऊन काहीबाही बोलत राहिला. लहानपणी जरा खरचटलं की घर डोक्यावर घेणारा हा! पोरगं हसलं. उठून गोलमध्ये उभं राहिलं.

"पूनम, हाच का गं तो चटणीवाला?"

"व्हय की."

बाई खुर्चीच्या टोकाशी सरकल्या. "उजवीकडं, बाळा! उजवीकडं झेप घे!"

त्यानं डावीकडं झेप घेतली आणि चेंडू अडवला. पूनम ओरडली. बाई तिच्याहून मोठ्यांदा ओरडल्या.

सामना बरोबरीत सुटला. तासाभरानं गुरुलिंगचा फोन आला.

"अव्वा, क्लब म्हणतोय, आणखी वर्षभर राहा. मी अजून हो म्हटलं न्हाय. तू म्हणशील तर येतो."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते एका शब्दावर आलं होतं.

"त्या पोराचा खांदा कसा हाय?"

"दुखतोय लई. बरेच दिवस बघावं लागंल."

"मग बघ की. दुखण्यात टाकून येतोस काय त्याला?" बाईंनी पदरानं नाक पुसलं. "आणि तुमच्या साहेबांना सांग, ते सोनेरी केसांचं पोरगं मैदानात नुसतं फिरायला आल्यागत करतंय."

"तसले सातजण हायत, अव्वा."

"मग सातही जणांना सांग."