बांधीतले पाय

भद्रावतीच्या नेमबाजी वर्गात संघप्रियाची एअर रायफल काही केल्या स्थिर राहीना.

"हातानं काऊन आवळून राह्यली, पोरी? पायावर उभी राह्य!" शिकवणाऱ्या हर्षाबाई वैतागल्या.

पायावर? संघप्रियाला घरच्या शेतातली धानाची बांधी आठवली. रोवणीला चिखलात आधी पाय रुतवायचे, मगच वाकायचं. नाहीतर तोंडावर आपटायचं! तिनं कोरड्या फरशीवरच पाय फाकवून मनातल्या चिखलात रुतवले. अंग कसं खांबासारखं थिरावलं. श्वास रोखून तिनं घोडा दाबला. छर्रा थेट मधल्या ठिपक्यात!

हरखून ती बाईंकडे निघाली, ती चिखलातून उपसावा तसा एकेक पाय उंच उचलत. वर्गात हशा पिकला.

"तिथीच थांब, माय!" हर्षाबाई ओरडल्या. "पाय धुऊन ये, आत्ताच फरशी पुसली हाये!"