सपाट रेघ

मी तापट आहे हे मी स्वतःच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो.

त्या आठवड्यात नववीचा विज्ञानाचा तास मी आणि गणिताचे सर मिळून घेत होतो. मुलांनी आपापल्या टेबलावरच्या बाटलीतला सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आधी गार, मग कोमट, मग गरम पाण्यात विरघळवायचा, किती ग्रॅम विरघळला ते लिहायचं, आणि सरांनी त्याचा आलेख काढून घ्यायचा. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर ग्रॅम. पाणी तापलं की सोऱ्याची रेघ झरझर वर चढते, तेच तर दाखवायचं होतं.

सहाव्या टेबलावरच्या मुलीची रेघ मात्र आडवीच पसरली होती. छत्तीस, साडेछत्तीस, सदतीस.

"काय गं सपाटबाई, आकडे घरूनच लिहून आणलेस वाटतं?" मी भर वर्गात म्हणाले. पोरं खो-खो हसली.

"नाही बाई. तीनदा केलं. जास्त विरघळतच नाही."

"सगळ्यांचं विरघळतं, तुझ्यावरच रुसलंय होय पाणी?"

सर वाकून तिची वही बघत होते. "बाई, बनवायचेच असते तर हिने शेजारणीसारखे बनवले असते."

"सर, तुम्ही रेघा बघा. बाटल्या मी बघते."

सर पुढच्या टेबलाकडे वळले. वर्ष सुरू झाल्यापासून ती पोरगी विज्ञान शिबिरासाठी माझ्या मागे लागली होती, म्हणून मी नेमकं तेच धरलं. "उद्या नीट आलेख आण, नाहीतर शिबिराचं विसर."

दुसऱ्या दिवशी तिने छान चढती रेघ आणली. मी दहापैकी दहा दिले, वर म्हणाले, "बघ, मनावर घेतलं की जमतं." शिबिराचा अर्ज दिला, तो तिने भरून आणलाच नाही. गेली उडत, म्हटलं मी. मुदत संपली. वर्गात मात्र सगळे तिला सपाटबाईच म्हणू लागले.

आज दुसऱ्या तुकडीसाठी बाटल्या भरायला बसले. सोऱ्याचे खडे लांबट असतात. सहाव्या बाटलीत उरलेले चौकोनी दिसले. बारा चमचे अर्धा कप उकळत्या पाण्यात टाकले, ढवळ ढवळ ढवळलं. निम्मे तळाशी तसेच. मीठ! त्या तासाच्या दिवशी सकाळी शिपाई रजेवर होता, त्याच्या नावाने बोटं मोडत बाटल्या मीच भरल्या होत्या.

शिबिरवाल्यांना फोन केला, अक्षरशः गयावया केली. जागा भरल्या होत्या.

मग सरांना बरोबर घेऊन वर्गात गेले. "चूक माझी होती. सहाव्या बाटलीत मीच मीठ भरलं होतं. हिचे आकडे खरे होते." कुणी हसलं नाही. मला मान वर करवेना.

तिची वही उघडली. चढत्या रेघेखाली खोडलेले तीन ठिपके अजून दिसत होते.

"अर्ज का नाही भरलास गं?"

"त्याला स्वतः केलेला प्रयोग जोडायचा होता, बाई." तिने वहीवर बोट ठेवलं. "हा शेजारणीचा आहे. माझा तुम्ही खोडायला लावलात."